काही झालेलं नसताना अंगात एवढं टेन्शन येतं कुठून? आणि ओळखायचं कसं?

शुभदा_बोरिवली

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सवड असेल तेव्हा वाचा.

मी ४१ वर्षांची, बोरिवलीला राहते, लोअर परळला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. बरेच दिवस डावा जबडा दुखत होता, सकाळी उठल्यावर जास्त, मला वाटलं अक्कलदाढेचं काहीतरी असेल म्हणून डेंटिस्टकडे गेले. एक्सरे काढला तर दाढा चांगल्या निघाल्या. मग त्यांनी आरसा हातात दिला आणि दाखवलं की पुढच्या दातांच्या कडा घासून सपाट झाल्यात आणि गालाच्या आतल्या बाजूला दातांच्या रेषेत एक पांढरी रेघ उमटलीये. म्हणाले तुम्ही झोपेत दात खाताय, नाईट गार्ड (रात्री दातांवर घालायचं कव्हर) बनवून देतो, पण सध्या काही टेन्शन आहे का? मी फटकन नाही म्हटलं. तेव्हा मला खरंच तसंच वाटत होतं.

पण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये, कारण दात सोडून बाकीचंही बरंच आहे. रात्री झोप पटकन लागते पण साडेतीन-चारला टक्क जाग येते आणि मग जीएसटीच्या रिटर्नपासून गॅस सिलिंडर नोंदवला का इथपर्यंत सगळं एकामागून एक सुरू होतं. फोन वाजला की छातीत धस्स होतं, कोणाचाही असो. लेक पाण्याची बाटली शाळेत विसरून आला तर एवढी ओरडले की तो दचकून बघतच राहिला. ट्रेनमध्ये आमचा ग्रुप आहे, वर्षानुवर्षं तोच डबा, डोहाळजेवणं, हळदीकुंकू सगळं गाडीत केलेलं आहे आम्ही, आणि आता मी कानात इअरफोन घालून बसते, गाणं लावलेलंच नसतं, नुसतं कोणी बोलू नये म्हणून.

आता वाईट असं काहीच झालेलं नाही हो. नवऱ्याची नोकरी ठीक आहे. मुलगा दहावीला आहे. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये म्हणून भाड्याने राहतो, बिल्डरकडून भाडं कधी येतं कधी रखडतं, पण चालतंय. आई दादरला एकटी असते, तिला शुगर आहे, शनिवारी जाऊन मी तिचं आठवड्याचं सगळं करून येते. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन गणपतीनंतर झालं, आता काठी घेऊन चालतात. ऑफिसमध्ये एक जण नोकरी सोडून गेली, तिच्या जागी अजून कोणी आलं नाही, ते काम माझ्याकडेच आहे. पण असं सगळ्यांच्याच घरी असतं, माझ्या मैत्रिणींकडे याहून जास्त आहे.

मग हे टेन्शनच आहे की वयाचं, हार्मोन्सचं काही? ओळखायचं कसं? आणि 'टेन्शन घेऊ नकोस' हे सोडून करायचं काय?

पार्लेकर_सुहास

शुभदाताई, मी डॉक्टर नाही पण पहिली गोष्ट, रक्त तपासून घ्या. थायरॉईड (टीएसएच), हिमोग्लोबिन, बी १२, शुगर. थायरॉईडचं काम वाढलं की धडधड, चिडचिड, झोप उडणं हे सगळं होतं, कमी झालं तर थकवा, विसरायला होणं, उदास वाटणं. हिमोग्लोबिन कमी असलं तरी धडधडतं. शाकाहारी असाल तर बी १२ बघाच, आमच्या घरी बायकोला वर्षभर सगळे 'फार विचार करतेस' म्हणत होते आणि बी १२ अगदी तळाला गेलेलं निघालं. चाळिशी ओलांडली आहे तर गायनॅककडेही एकदा जाऊन या, पाळी जायच्या आधीची काही वर्षं झोप आणि मूड दोन्ही हलतात.

आणि जबड्याचं एक. उठल्यावर दुखतं ते दात खाण्याचं असणार, पण कधी जिना चढताना किंवा भरभर चालताना जबडा, छाती, हात भरून आला, घाम फुटला, तर ते टेन्शन म्हणून घरी बसायचं नाही, तडक हॉस्पिटल. हे सगळ्यांसाठीच लिहितोय.

विभा_परळ

मी महापालिकेच्या एका हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभागात सोशल वर्कर आहे. सुहासरावांनी लिहिलंय ते अगदी पहिल्यांदा करा, आमच्याकडेही डॉक्टर आधी हेच रिपोर्ट मागतात.

आता तुमचा मूळ प्रश्न, काही झालेलं नसताना हे येतं कुठून. धोका जाणवला की मेंदूकडून मूत्रपिंडाच्या वर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींना निरोप जातो, अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोल रक्तात येतं, ठोके वाढतात, स्नायू ताठ होतात, पचन मागे पडतं. ही व्यवस्था पळून जायला किंवा दोन हात करायला आहे, काही मिनिटांसाठी. साहेबांचा मेल, बिल्डरचं रखडलेलं भाडं, आईच्या शुगरचा आकडा, शरीर यासाठी वेगळी व्यवस्था वापरत नाही, तीच वापरतं. फक्त इथे पळायचंही नसतं आणि संपतही नाही.

हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवरच्या प्रयोगातून हे मांडलं होतं. त्याने तीन टप्पे सांगितले. पहिला धोक्याच्या घंटेचा, तिसरा थकून कोसळण्याचा, आणि मधला तग धरण्याचा. पुढे यात बरीच भर पडली, सुधारणा झाल्या, पण तो मधला टप्पा मला रोज ओपीडीत दिसतो. बाहेरून सगळं सुरळीत, डबे वेळेवर, ट्रेन वेळेवर, रिटर्न वेळेवर, आणि आतून शरीर सतत खर्च होत असतं. अशा माणसाला विचारलं टेन्शन आहे का, तर तो मनापासून नाही म्हणतो. म्हणून आम्ही तसं विचारतच नाही. विचारतो, झोप कशी आहे, भूक कशी आहे, पोट साफ होतं का, मान-खांदे दुखतात का, पाळी पुढेमागे होते का, केस गळतायत का (केस तर मोठ्या ताणानंतर दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात, त्यामुळे माणसाला दोन्हीचा संबंधच लागत नाही). आणि एक प्रश्न नक्की विचारतो, पूर्वी जे तुम्ही आपसूक करायचात त्यातलं काय बंद पडलंय?

त्याचं उत्तर तुम्ही न विचारता दिलंय, इअरफोनचं. मला तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यात जास्त काळजीचं तेच वाटलं. दात खाणं नाईट गार्डने थोपवता येतं, पण ज्या बायकांबरोबर इतकी वर्षं काढली त्यांचं बोलणं नकोसं होणं, हे शरीराने शक्ती वाचवायला दारं बंद केल्याचं लक्षण आहे. तुमच्याच बाबतीत जो फरक पडलाय तो बघा, मैत्रिणींकडे किती आहे ते मोजू नका. एकीला जे पेलतं ते दुसरीला पेलत नाही, शिवाय ती मैत्रीणही रात्री साडेतीनला जागी असते की काय ते आपल्याला माहीत नसतं.

पहाटेच्या जागेबद्दल सांगते. रात्रीच्या उत्तरार्धात कॉर्टिसोल तसंही चढायला लागतं, सकाळी उठवायला, त्यामुळे ताणात असलेल्या माणसाची झोप नेमकी तेव्हा मोडते. घड्याळ बघू नका, मोबाईल तर अजिबात नको. वीसेक मिनिटं तळमळ झाली की सरळ उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, पुस्तक वाचा, कपडे घड्या करा, डोळे जड झाले की परत या. अंथरुणात पडून विचार करायची सवय लागली की अंथरूण बघितल्यावरच विचार सुरू होतात. आणि संध्याकाळी एक ठरावीक वेळ काढा, पंधरा-वीस मिनिटं, वही घेऊन बसा आणि जे जे पहाटे डोक्यात येतं ते लिहा, पुढे काय करणार तेही लिहा, 'सिलिंडर, उद्या सकाळी फोन'. झोपायच्या अगदी आधी नको, जेवणाच्या आधी करा. पहाटे तेच परत आलं तर मनाला सांगता येतं की हे वहीत आहे. ऐकायला साधं वाटतं, पण चिंतेच्या उपचारात हे रीतसर वापरतात. चहा-कॉफी दुपारी चारनंतर बंद, कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

श्वासाचं पण सांगते कारण ते चुकीचं शिकवलं जातं. 'मोठा श्वास घ्या' म्हटलं की लोक छाती फुगवून भसाभस घेतात आणि उलट चक्कर येते. महत्त्वाचा आहे तो बाहेर सोडायचा श्वास. चार मोजत नाकाने आत, सहा मोजत हळू बाहेर, पाच मिनिटं. लांब उच्छ्वासाने ठोक्यांचा वेग उतरतो. ट्रेनमध्ये बसल्या बसल्या होतं. आणि तुमच्यासाठी खास, दिवसातून जमेल तेव्हा बघा दातावर दात दाबलेत का. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला, ही जबड्याची आरामाची स्थिती.

आता कधी थांबायचं नाही ते. सलग दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास आहे किंवा कशातच रस वाटत नाही, काम किंवा घर सांभाळणं अवघड होतंय, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार लागायला लागलाय, तर घरगुती उपाय करत बसू नका, सायकॅट्रिस्टना भेटा. आणि आपण नसलो तर बरं, असा विचार एकदा जरी आला तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. टेली-मानस म्हणून सरकारची हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलतात. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे तरी अजून कित्येकांना माहीत नाही म्हणून इथे लिहितेय. वाचणाऱ्यांनी मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

निनाद_मुलुंड

विभाताईंनी इतकं छान लिहिलंय की त्यात भर काय घालणार, पण मला वेगळ्या बाजूने बोलायचंय. शुभदाताई, तुमचीच पोस्ट परत एकदा वाचा आणि दुसऱ्या कोणी लिहिली आहे असं समजून वाचा. दहावीचा मुलगा, भाड्याचं घर, रखडणारे पैसे, एकटी आई, ऑपरेशन झालेल्या सासूबाई, दोन माणसांचं ऑफिस आणि वर बोरिवली-लोअर परळ रोजचं. आणि तुम्ही म्हणताय काही झालेलं नाही! हे सगळं 'चालतंय' कारण ते तुम्ही चालवताय.

मला या श्वास, ध्यान, अॅप वगैरेबद्दल एकच म्हणायचंय, ते करा, पण त्यावर थांबू नका. पाच मिनिटं शांत बसून उठलं की समोर तेच दोन माणसांचं काम असेल तर फायदा किती वेळ टिकणार? आपल्याकडे ताणाचं सगळं माणसावर ढकलायची सवय आहे, तू शांत राहा, तू पॉझिटिव्ह राहा. भार कमी करायचं कोणी बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या सततच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं, अशा तीन खुणा. म्हणजे मूळ कामात आहे, तुमच्यात खोट नाही.

मी एचआरमध्ये आहे म्हणून ऑफिसपुरतं ठामपणे सांगतो. 'खूप काम आहे' असं तोंडी सांगून काही होत नाही, साहेब म्हणतात हो बघतो. लेखी द्या. गेलेल्या बाईंकडची कोणकोणती कामं तुमच्याकडे आली, प्रत्येकाला आठवड्याला साधारण किती तास जातात, आणि यातलं महिन्याच्या कोणत्या तारखेला काय अडतं. शेवटी भावना नको, प्रश्न टाका, 'यातलं आधी कोणतं करू आणि कोणतं पुढे ढकलू ते कळवावे.' असा मेल आला की निर्णय मॅनेजरला घ्यावा लागतो, आणि जागा भरायच्या फाईललाही त्यामुळे वजन येतं. वेळेचंही विचारून बघा, सकाळी एक तास लवकर जाऊन संध्याकाळी लवकर निघता आलं तर गर्दीत खूप फरक पडतो. विचारायला काय जातंय.

घरचं पण तसंच. माझ्या वडिलांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा आठवड्यातून तीनदा न्यायचं-आणायचं होतं. आम्ही कागद घेऊन बसलो, मी, बायको, चुलतभाऊ, आणि कोण कुठला दिवस ते लिहून फ्रिजवर लावलं. 'मदत लागली तर सांग' असं सगळेच म्हणतात, त्याने काही होत नाही, कारण सांगायचं कामही तुमच्याच डोक्यावर राहतं. आईचं रक्त घ्यायला लॅबवाले घरी येतात. सासूबाईंचं बघायला तुमचे मिस्टर आहेत ना, त्यांच्या आई आहेत त्या. दहावीच्या मुलाला स्वतःची बाटली, स्वतःचा डबा धुता येतो. हे मी कोणाला दोष द्यायला लिहीत नाहीये, पण तुमच्या पोस्टमध्ये 'नवऱ्याची नोकरी ठीक आहे' याच्या पलीकडे त्यांचा उल्लेखच नाही, ते खटकलं.

सुशीला_गिरगाव

बाळांनो मी ६८ वर्षांची, नात टाईप करून देते आहे. सगळं वाचलं. मला वाटतं तुमच्या या सगळ्यात मनाला धरायला काही नाही, म्हणून ते सैरभैर होतं. आमच्या चाळीत वीस बिऱ्हाडं, दुःखं आमच्याकडेही होती, मिलचा संप झाला १९८२ ला तेव्हा आमच्या मजल्यावरच्या कितीतरी घरात चूल पेटायची पंचाईत होती. पण संध्याकाळी हरिपाठ व्हायचा, सगळ्या बायका एकत्र बसायच्या. शुभदा, तू रोज थोडा वेळ नामस्मरण कर, नाही जमलं तर नुसती भजनाला जाऊन बस. मला यजमान गेल्यावर त्यानेच सावरलं. गोळ्यांच्या नादी लागू नकोस ग.

विभा_परळ

काकू, हरिपाठाबद्दल मी शंभर टक्के तुमच्याबरोबर आहे. एका लयीत म्हणणं म्हणजे श्वास आपोआप लांब होतो, आणि त्याहून मोठं म्हणजे चार माणसं रोज एकमेकींचे चेहरे बघत होत्या, एखादी आली नाही की कोणीतरी दार वाजवायचं. त्या आधाराची जागा बिल्डिंगमधल्या व्हॉट्सअॅप ग्रुपने भरत नाही. शुभदा, तुमचा ट्रेनचा ग्रुप हीच तुमची चाळ आहे. उद्या एक इअरफोन काढून बसा, बोलायला पाहिजे असं नाही, नुसतं ऐकत बसा.

पण गोळ्यांचं मात्र मी नाही म्हणेन. ज्या बाईंना दोन महिने धड झोप नाही, वजन उतरतंय, त्यांना नामस्मरणही करता येत नाही, मन तिथे टिकतच नाही, आणि मग त्यांना वाटतं आपली श्रद्धाच कमी पडते. अशा बाया आमच्याकडे उशिरा येतात. उपचार घेऊन झोप परत आली की जपही परत सुरू होतो, असं मी कितीतरी जणींचं बघितलंय. काकू, तुमच्या ओळखीत कोणी असं असेल तर दोन्ही करायला सांगा.

शुभदा_बोरिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. निनाद, तुम्ही म्हणालात तसं परत वाचली पोस्ट आणि किचनमध्ये जाऊन रडले थोडी, बऱ्याच दिवसांनी. बरं वाटलं.

रिपोर्ट आले. थायरॉईड नॉर्मल, शुगर नॉर्मल, बी १२ बरंच कमी आहे, फॅमिली डॉक्टरांनी इंजेक्शनचा कोर्स सुरू केलाय. ते म्हणाले याने थकवा जाईल पण झोपेचं आणि धडधडीचं सगळंच यावर ढकलू नका, एकदा सायकॅट्रिस्टना दाखवा, चिठ्ठी देतो. मिस्टरांना रात्री जेवल्यावर सगळं सांगितलं, अगदी दाताच्या कडांपासून. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले मला वाटायचं तू माझ्यावरच चिडलेली असतेस. सासूबाईंचं फिजिओ आणि डॉक्टर आता ते बघणार आहेत. ऑफिसचा मेल लिहून ठेवलाय, सोमवारी पाठवते.

पण सायकॅट्रिस्ट म्हटल्यावर घरात जरा शांतता पसरली. सासूबाई म्हणाल्या एवढं काय झालंय. मलाही गोळ्यांची भीती वाटते, एकदा लागल्या की सुटत नाहीत म्हणतात. आणि सायकॅट्रिस्ट की काउन्सेलर, आधी कोणाकडे जायचं?

नयन_विक्रोळी

गोळ्यांचं मी सांगू शकतो, स्वतः घेतल्यात. मला घाटकोपरला गर्दीत पॅनिक अटॅक आला होता, तेव्हा हे नाव पण माहीत नव्हतं, छाती आवळली, हातांना मुंग्या, वाटलं आता संपलं सगळं. कोणीतरी धरून बाकावर बसवलं, पाणी दिलं. हॉस्पिटलमध्ये ईसीजी नॉर्मल. तो झटका साधारण दहा मिनिटांत टिपेला जातो आणि मग उतरतो, हे आधी माहीत असतं तर निम्मी भीती गेली असती. नंतर पुन्हा येईल या भीतीने मी ट्रेनच टाळायला लागलो, आणि मुंबईत ट्रेन टाळून जगायचं कसं?

डॉक्टरांनी एसएसआरआय गटातली, म्हणजे चिंता-नैराश्यावरची, गोळी दिली. पहिले काही दिवस मळमळलं, पोट बिघडलं, आणि फरक लगेच नाही दिसत, दोन ते चार आठवडे जातात, तिथेच बरेच जण सोडून देतात. या गोळ्यांची नशा होत नाही, डोस वाढवत न्यावा लागेल अशी तलफ येत नाही. फक्त मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, चक्कर, अस्वस्थपणा येतो, डॉक्टर हळूहळू कमी करतात. माझ्या तशाच कमी करून बंद झाल्या. सवय लागते ती दुसऱ्या गटाच्या गोळ्यांची, अल्प्राझोलम वगैरे, ज्या लोक 'झोपेची' म्हणून एकमेकांना देतात. डॉक्टर त्या कधीकधी थोड्या दिवसांसाठी देतात ते ठीक, पण शेजारणीने दिली, केमिस्टकडून आणली, असं चुकूनही करू नका. घाबरायचंच असेल तर त्याला घाबरा.

बरोबर मी थेरपी पण घेतली. आपल्या मुंबईतच मानसतज्ज्ञ कि. मो. फडक्यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कित्येकांना शिकवली, मराठीत त्यावर भरपूर वाचायला मिळतं. माझ्या थेरपिस्ट त्याच पद्धतीने काम करायच्या. त्यांनी 'मला ट्रेनमध्ये काही झालंच नाही पाहिजे' हे माझं वाक्य धरलं आणि कागदावर लिहायला लावलं. 'झालंच नाही पाहिजे' च्या जागी 'होऊ नये असं मला वाटतं, झालं तर दहा मिनिटं वाईट जातील' असं लिहिलं. मग दुपारच्या रिकाम्या गाडीने एकेक स्टेशन. विक्रोळी-घाटकोपर, मग कुर्ला, मग दादर. आता रोज जातो.

ताई, तुमच्या पोस्टमध्ये पण 'सगळ्यांच्याच घरी असतं' हे वाक्य आहे. त्यावर एकदा थेरपिस्टशी बोला, त्यातून तुम्ही स्वतःला 'मला थकायचा हक्क नाही' असं सांगताय असं मला तरी वाटलं.

पार्लेकर_सुहास

मेडिक्लेमचं कोणी लिहिलं नाही म्हणून. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्याच अटींवर कव्हर देणं बंधनकारक आहे. ओपीडीचा खर्च मिळतो की नाही ते मात्र पॉलिसीवर आहे, वाचून घ्या. ऑफिसचा ग्रुप इन्शुरन्स असेल तर त्यातही विचारा, काही कंपन्यांत काउन्सेलिंग फुकट असतं आणि नाव ऑफिसला कळत नाही, निनाद जास्त सांगू शकतील.

निनाद_मुलुंड

हो, असतं. एचआरला नाव न सांगता नुसतं 'अशी सोय आहे का' विचारा, बाहेरची एजन्सी असते आणि कोण आलं ते कंपनीला सांगत नाही. तरी पहिल्याच फोनवर गोपनीयतेचं तुम्ही स्वतः विचारून घ्या. मेल पाठवाल त्याला उत्तर आलं नाही तर आठवड्याने त्याच मेलवर परत आठवण टाका, नवीन मेल नको.

विभा_परळ

शुभदा, आधी सायकॅट्रिस्ट. ते एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात शिकलेले डॉक्टर असतात, ते तपासून ठरवतील गोळी लागते का. कित्येकांना लागतच नाही, नुसत्या थेरपीवर भागतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहीत नाहीत, ते बोलून उपचार करतात, त्यांचं आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन असतं, तेवढं बिनधास्त विचारा. नुसतं 'काउन्सेलर' अशी पाटी कोणीही लावू शकतं त्यामुळे शिक्षण काय झालंय ते विचारायला लाजू नका.

मुंबईत कुठे म्हणाल तर केईएम, सायन, नायर, जेजे सगळीकडे मानसोपचार विभाग आहे. गर्दी असते, थांबावं लागतं, पण केसपेपरचे पैसे अगदी किरकोळ आणि डॉक्टर चांगले. तुमच्या ऑफिसपासून केईएम जवळ पडेल. खाजगी परवडत असेल तर बोरिवलीतही मिळतील. फोनवर बोलायचं असेल तर देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूटची आयकॉल सेवा आहे, तिथे प्रशिक्षित लोक बोलतात. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था आहे, बोरिवलीहून लांब आहे तुम्हाला, पण कोणाला सोयीचं असेल म्हणून लिहिलं.

सासूबाईंना समजावत बसू नका सध्या. एवढंच सांगा की डॉक्टरांनी झोपेसाठी पाठवलंय, ते खरंच आहे. त्यांना तुमची काळजी आहे म्हणूनच त्या म्हणाल्या असतील, तुम्हाला बरं वाटताना बघितलं की आपोआप निवळतील.

आणि पहिल्या भेटीत काय सांगायचं याचा फार विचार करू नका. इथे जी पहिली पोस्ट लिहिलीत तीच प्रिंट काढून न्या, डॉक्टरांना याहून जास्त काही लागणार नाही. बरोबर रक्ताचे रिपोर्ट, डेंटिस्टची चिठ्ठी, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, बी १२ ची पण, आणि पाळीच्या मागच्या तीन-चार तारखा. मिस्टरांना सुट्टी मिळत असेल तर त्यांनाही घेऊन जा, तुम्ही झोपेत दात खाता की नाही आणि घोरता का हे डॉक्टर त्यांनाच विचारतील. ओपीडी सकाळची असते, केसपेपरच्या रांगेत लवकर उभं राहिलेलं बरं.